राखणदाराचा सूर

१

शोभाला माझ्या हातचा चहा आवडत नाही. लग्न झाल्यापासून तिची एकच तक्रार: "पाण्याला आधण यायच्या आधीच पत्ती टाकता तुम्ही." त्या जानेवारीत मात्र सकाळचा चहा मीच करत होतो आणि ती दोन घोट घेऊन कप बाजूला सारत होती, तक्रार न करता. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

इंदूरला तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. गाठ काढली, तपासणीत वाईट काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता यांना चालवा. चालल्या, जेवल्या, की सुटल्या. पडून राहिल्या तर मात्र अवघड आहे." आणि शोभा पडून राहिली होती. मागच्या खोलीत, बागेच्या खिडकीशी तिचा पलंग लावला होता. तिथे ती भिंतीकडे तोंड करून असायची. उठ म्हटलं की "उद्या" म्हणायची. जेवणाचं ताट जसं जाई तसंच परत येई.

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांची बदली उज्जैनला झाली आणि आम्ही इथलेच झालो. कोठी रोडमागच्या कॉलनीत आमचं बैठं घर आहे. मागे लांबट बाग, मधोमध पेरूचं झाड, खिडकीजवळ कढीलिंब आणि पार टोकाला, भिंतीशी, अडुळशाची झुडपं. चहा टाकला की मी मागचं दार उघडतो, गवतावर बाजरी फेकतो आणि पायरीवर बसून कान लावतो. कुणी देवाचं नाव घेतं, मी हे करतो.

पक्ष्यांची भीती दोन प्रकारची असते. शिकरा आला तर एक बारीक लांब शिट्टी वाजते आणि बुलबुल, साळुंक्या, खारी, सगळे पाल्यात शिरून चिडीचूप होतात. संकट जमिनीवर असेल, साप, मांजर, मुंगूस, तर उलट घडतं. कर्कश कचकचाट सुरू होतो आणि पळायचं सोडून सगळे जमतात, त्याच्याभोवती कडं करतात, ओरडून त्याला हैराण करतात. वर्गात मी याला घेराव म्हणायचो. पोरं हसायची, कारण आमच्या प्राचार्यांना दर वर्षी एक तरी व्हायचा. घेरावामागचा हेतू साधा असतो. लपून येणाऱ्या शिकाऱ्याला आपण दिसलो हे कळलं की तो उपाशी परत फिरतो.

त्या सकाळी अडुळशापाशी घेराव चालला होता. पुढारी अर्थातच सातभाई. मातकट रंगाचे, टोळीनं हिंडणारे, जन्मजात भांडकुदळ पक्षी. सोबत बुलबुल, एक दयाळ, भिंतीवर शेपूट झटकत ओरडणारी खार. मांजर असणार म्हणून मी काठी घेऊन गेलो. मांजर नव्हतं. झुडपं हलवून पाहिली, साप नव्हता. मी तिथे उभा होतो तरी ते ओरडतच होते. माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या शेजारी बघून. जमिनीवरही नाही, माझ्या कमरेच्या उंचीवर कुठेतरी.

उन्हाची तिरीप असेल, कोळ्याचं जाळं असेल, असं म्हणत मी परत आलो. तोवर चहा उतू गेला होता.

२

"अरे सुहास, हे पाखरं काय परेशान करून राहिले रे सकाळपासून?" अक्का म्हणाली.

अक्का माझी थोरली बहीण. शोभाला बघायला देवासहून आली होती आणि आल्या आल्या स्वयंपाकघर तिनं ताब्यात घेतलं होतं. तिच्यासमोर मी अजूनही शाळकरी पोरगा असतो.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मग हाकल ना त्याला. प्रोफेसर कशाचा तू?"

पण आता ते अडुळशापाशी नव्हतं. घेराव अलीकडे आला होता, पेरूच्या खाली. मी गवत पायांनी चाळलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "भाईसाब, कुछ निकला क्या?" मी हात हलवून 'कुछ नहीं' केलं. मग मलाच त्या 'कुछ नहीं'चा राग आला आणि मी पूजाला फोन लावला.

पूजा माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात शिकवते. कोणता प्राणी कुणाचं ऐकतो, यावर तिचं संशोधन चाललं आहे. सातभाई खाली दाणे टिपत असतात तेव्हा त्यांच्यातला एक उंच फांदीवर राखणीला बसतो आणि थांबून थांबून एक मऊ, बुटका सूर काढत राहतो. त्याचा अर्थ एवढाच, की मी बघतोय, सगळं ठीक आहे, खा. गंमत अशी, की हा सूर बुलबुलही ऐकतात, खारीही ऐकतात आणि सातभायांच्या जिवावर निर्धास्त चरतात. पूजानं तो सूर ध्वनिमुद्रित करून शहरातल्या बागांमधून लावून पाहायचं ठरवलं होतं. नदीकाठच्या राया, कॉलेजची आवारं, आमच्यासारखी घरं. आमच्या पेरूला तिनं एक हिरवा स्पीकर बांधला होता. दिवसातून थोडाच वेळ लावायचा, अशी ताकीद देऊन. खोटं अभय फार दिलं तर पाखरं गाफील होतात आणि फुकट मरतात. हे तिला मीच शिकवलं होतं.

ती आली तेव्हा घेराव रंगात होता. आम्ही दोघं पायरीवर बसलो. सातभाई गवतावर उतरून वर्तुळात उभे होते, माना आत वळवून. फांद्यांवर बाकीची मंडळी.

"सर, मध्ये तर काहीच नाहीये," पूजा म्हणाली.

"दिसतंय मला."

"नाही, म्हणजे बघा ना. मध्ये कोणी पाय पण ठेवत नाहीये."

खरं होतं. वर्तुळातली जागा रिकामी होती, आणि ती एका बसलेल्या माणसाला पुरेल एवढी होती. आम्ही बघत असताना वर्तुळ हललं. घराच्या बाजूचे पक्षी उडून मागे सरले, पलीकडचे पुढे आले. रिकामी जागा टीचभर आमच्याकडे सरकली आणि थांबली.

पूजानं फोनवर चित्रण केलं आणि ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "एकानं चुकून आवाज दिला असेल सर, आणि बाकीच्यांनी री ओढली. अफवाच ती. टावर चौकात नाही का, एक पळाला की सगळे पळतात."

मी जोरानं मान डोलावली. अफवा हा शब्द मला फार आवडला. अफवेला दात नसतात.

३

शोभाला अफवा आवडली नाही.

"त्यांना गप्प करा हो," ती म्हणाली. त्या दिवसातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य ते. "झोप लागत नाही. डोळा लागला की ओरडतात. जसं मीच काही केलंय."

"तुझ्यावर नाही ओरडत. अफवा आहे ती."

"काय?"

मी समजावून सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे खोल गेले होते आणि मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला एकदम रडू आलं. मी बाहेर जाऊन नाक शिंकरलं, तर अक्का तिथेच उभी.

"रडून काय होतंय? तिला झोप पाहिजे. झोपली तर भूक लागेल, जेवली तर उठेल. सीधी बात आहे. काल रात्रीपासून डोळा नाही तिचा, आणि तू मेल्या पाखरांचे व्हिडिओ बनवून राहिला."

बागेत घेराव आता कढीलिंबापर्यंत आला होता. कढीलिंब म्हणजे खिडकीपासून हातभर. तिथे एवढे पक्षी मी एका जागी कधी पाहिले नव्हते. शेजारपाजारच्या बागांतले आले असणार. एरवी एकमेकांची पिल्लं पळवणारे, दाण्यावरून भांडणारे, आता खांद्याला खांदा लावून बसले होते आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होते. मी टाळ्या वाजवल्या, बादलीभर पाणी फेकलं. ते उडाले आणि परत त्याच जागी बसले.

तेव्हा माझ्या नजरेस पेरूवरचा हिरवा स्पीकर पडला.

इतका वेळ हे सुचलं कसं नाही याचंच मला नवल वाटलं. पाखरांना पाण्यानं कशाला समजवायचं? त्यांच्याच भाषेत सांगावं. मी बटण दाबलं. राखणदाराचा तो मऊ सूर बागेत सुरू झाला. टुक. टुक. मी बघतोय. सगळं ठीक आहे.

पहिल्यांदा बुलबुल गप्प झाले. मग दयाळ. सातभायांनी मान वाकडी करून पेरूकडे पाहिलं, थोडी कुरकुर केली, आणि एकेक करून बाजरीवर उतरले. खार भिंतीवरून पसार झाली.

खोलीत डोकावलो तर शोभा गाढ झोपली होती. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःची पाठही थोपटून घेतली, लपवायचं कशाला.

४

स्पीकर थोडाच वेळ लावायचा होता. पण बंद केला की कुरकुर सुरू व्हायची, आणि कुरकुर झाली की शोभा डोळे उघडायची. मी तो दिवसभर चालू ठेवू लागलो. पेरूखाली होल्याची पिसं विखुरलेली दिसली. शिकऱ्यानं डाव साधला होता. वाईट वाटलं. पिसं गोळा करून खतात टाकली आणि पूजाला काही सांगितलं नाही.

शोभा झोपत होती. दुपारीसुद्धा. अक्का म्हणे, "बघ, आराम पडला."

मी पायरीवर बसायचो. बाग पूर्वीसारखी वाटत होती, उलट जास्तच शांत. पण काहीतरी बोचत होतं, आणि ते काय हे कळायला मला वेळ लागला. बाजरी मी सगळीकडे सारखी फेकत होतो. सगळीकडची संपत होती. एका पट्ट्यातली मात्र तशीच पडून राहत होती. हा पट्टा अडुळशापासून निघाला होता, पेरूखालून गेला होता, कढीलिंबाला वळसा घालून खिडकीखाली संपत होता. रुंदी जेमतेम एक माणूस चालेल एवढी. पक्षी दोन्ही बाजूंना टिपत होते. त्या पट्ट्यात कुणी उतरत नव्हतं.

माती कोरडी असेल म्हणून मी पाणी मारलं. उंदीर मारायचं औषध कुणी टाकलं असेल म्हणून वास घेतला. मग मुंग्या दिसल्या. काळ्या मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून सरळ खिडकीखालून जायची, वर्षानुवर्षं. ती आता पट्ट्याच्या कडेला येऊन वळत होती आणि खिडकीला लांबून वळसा घालत होती. मुंग्या राखणदाराचा सूर ऐकत नाहीत. त्यांना माझं खोटं पोचलेलं नव्हतं.

मी मुकाट्यानं खराटा आणला आणि पट्टा झाडून काढला. झाडताना पाठ खिडकीकडे होती. आत शोभा झोपलेली, हे मला माहीत होतं. तरी मागून कुणीतरी खिडकीशी उभं राहून मी काय करतोय ते बघतंय, असं वाटत राहिलं. वळून पाहिलं तर पडदा सरळ लोंबत होता.

वय झालं, जागरणं झाली, मी स्वतःला समजावलं. शंकेची पाल चुकचुकली की तिला आम्ही प्राणिशास्त्रवाले बरणीत कोंडून तिचं लॅटिन नाव लिहितो. मी ठरवलं, प्रयोगच करायचा. स्पीकर बंद करून बघायचं.

५

दुपारचं ऊन बागेत आलं होतं. शोभाच्या खोलीत अक्का खुर्चीवर बसून मटार सोलत होती. मी जाऊन बटण बंद केलं आणि तिथेच उभा राहिलो.

काहीच झालं नाही. एक साळुंकी चालत आली. मी अगदी हसलोसुद्धा.

मग खार ओरडली. तिच्यामागून सातभाई आले, एकदम सगळे, आणि कुठेही न थांबता सरळ खिडकीच्या गजांवर जाऊन बसले. बुलबुल आले, चिमण्या आल्या. गजांवर जागा उरली नाही तेव्हा एकमेकांच्या पाठीवर बसले. पडदा त्यांच्या पंखांनी आत उडत होता. सगळ्यांची तोंडं खोलीत, आणि तो कचकचाट असा की माझे दात शिवशिवले.

मी आत धावलो. अक्काच्या मांडीवरचे मटार फरशीभर झाले होते आणि ती टॉवेल फिरवत किंचाळत होती, "हट! हट मेल्यांनो! सुहास, बंद कर रे हे, काय तमाशा आहे!"

शोभा पलंगावर अर्धी उठून बसली होती, दोन्ही हात कानांवर. पक्षी तिच्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. कपाट आणि पलंग यांच्यामधली ती अरुंद जागा, जिथे आम्ही घडीची खुर्ची ठेवायचो. खुर्ची बाहेर भिंतीला टेकवलेली होती. जागा रिकामी होती. कपाटाचं दार मात्र, जे आपोआप उघडतं म्हणून आम्ही कागदाची घडी घालून बसवतो, ते बाहेरून काहीतरी टेकल्यासारखं घट्ट मिटलेलं होतं, आणि घडी खाली पडली होती.

मला शिकवलेलं सगळं आठवलं. शिकाऱ्याला आपण दिसलो हे कळलं की तो परत फिरतो. ओरडू द्यावं. अजून थोडं ओरडू द्यावं. मी तसं म्हणालोही, "अक्का, थांब, ओरडू दे त्यांना."

"पागल झाला का तू? तिच्याकडे बघ!"

शोभाचे ओठ निळसर पडले होते. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. "अहो," ती म्हणाली, "लावा ना ते. तुमच्या पाया पडते. लावा."

लग्नाच्या बायकोनं असं म्हटल्यावर माणूस काय करील? मी पळत गेलो आणि बटण दाबलं. टुक. टुक. गजांवरून ते निघून गेले, कुणी आधी, कुणी नंतर. एक सातभाई शेवटपर्यंत बसून राहिला. त्यानं एकदा पेरूकडे पाहिलं, एकदा आत, आणि तोही उडाला.

मी परत आलो तेव्हा अक्का शोभाच्या पाठीवरून हात फिरवत होती. कपाटाचं दार नेहमीसारखं करकरत उघडलं. तिथे आता काही टेकलेलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर शोभा ओट्याशी उभी होती.

मला काय झालं ते लिहून सांगता येत नाही. मी दाराची चौकट धरली. ती पोहे भिजवत होती. पदर खोचलेला, केस विंचरलेले. "उठलात?" ती म्हणाली. "चहा टाका. मला भूक लागलीय."

मी टाकला. ती सगळा प्यायली आणि म्हणाली, "छान झालाय."

अक्का आनंदानं रडली. शोभानं दोन बशा पोहे खाल्ले, वर शेव, वर जिरावन मसाला, मग कालची पोळी, मग वाटीतलं तूप बोटानं. संध्याकाळपर्यंत ती बागेत चालत होती. आठवड्याभरात इंदूरच्या डॉक्टरांनी टाके पाहून "वा!" म्हटलं. अक्का देवासला परत गेली, जाताना मला म्हणाली, "आता नजर नको लागू देऊ."

मी सुखी होतो, हे स्पष्ट सांगायला हवं. रामघाटावर आम्ही संध्याकाळी जाऊन बसलो. तिनं माझा दंड धरला होता. इतक्या वर्षांत घाटावर तिनं कधी माझा दंड धरला नव्हता. काठाशी मासे गोळा होतात, लोक त्यांना कणकेच्या गोळ्या टाकतात. शोभानं पाण्यावर वाकून पाहिलं. मासे खाली गेले, आणि आमच्या पायरीपुढचं पाणी मोकळं झालं. "गर्दीनं घाबरले," मी म्हणालो. गर्दी नव्हती.

घरी शोभा झोपायची कमी. दुपारी कपाट आणि पलंगाच्या मधल्या जागेत खुर्ची टाकून बसायची. तिथे ऊन येत नाही, वारा नाही. "इथे बरं वाटतं," म्हणायची. मी विचारणं सोडून दिलं. आजारपणानं माणूस बदलतो, सगळेच सांगतात. ती हसत होती, जेवत होती, चालत होती. मला अजून काय हवं होतं?

स्पीकर मी रोज सकाळी स्वतः चालू करत होतो. का, हे स्वतःला कधी विचारलं नाही. बॅटरी उतरली तर म्हणून दुसरी आणून ठेवली होती.

७

पूजा स्पीकर न्यायला आली. तिला तो नदीपलीकडच्या एका आमराईत लावायचा होता.

शोभा बागेत उन्हात बसून मेथी निवडत होती. "काकू, किती मस्त दिसताय!" पूजानं वाकून नमस्कार केला. शोभानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही.

"हे तुझं यंत्र छान आहे गं," ती म्हणाली. "अशी अजून कुठे कुठे लावलीस?"

"पुष्कळ ठिकाणी काकू. कॉलनीत, मंदिराच्या बागेत, एका नर्सिंग होमच्या मागे."

"हो का," शोभा म्हणाली, आणि मेथीकडे वळली.

"पूजा, हा राहू दे आमच्याकडे," मी म्हणालो. "तुला मी नवा घेऊन देतो."

"अरे सर, तुम्हीच तर म्हणायचे ना, जास्त लावू नका. पाखरं बिघडतील." हसत हसत तिनं दोरी सोडली, स्पीकर खाली घेतला आणि बटण बंद केलं.

मी पायरीवर होतो. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडणार?

खार आधी. मग सगळे. ते झाडांतून आले, भिंतीवरून आले, गच्च्यांवरून आले, आणि शोभाच्या खुर्चीभोवती गवतावर उतरले. कडं झालं. माना आत.

शोभानं टोपली खाली ठेवली. ती एकेका पक्ष्याकडे बघत होती, घाई नव्हती, रागही नव्हता. मग ती उठली आणि उलट्या पावलांनी मागे चालू लागली. मागे न बघता. चवडे टेकत होती, टाच टेकत नव्हती, गुडघे वाकलेले. पेरूच्या वर आलेल्या मुळ्या तिनं न पाहता ओलांडल्या. ती त्या पट्ट्यावरूनच चालली होती, अडुळशाकडे, आणि कडं तिच्याबरोबर सरकत होतं. चेहरा शोभाचाच होता. फक्त तिच्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो.

"काकू?" पूजा म्हणाली.

अर्धं अंतर मी धावत गेलो आणि थांबलो. कारण भिंतीशी पोचता पोचता तिच्यात फरक पडू लागला. खांदे उतरले, पदर गळाला, हात पोटावरच्या टाक्यांकडे गेला. बांगड्या सैल होऊन कोपराकडे घसरल्या. ती भिंतीला टेकली आणि तिनं मान वर केली. हीच ती, जी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. खोल गेलेले डोळे माझ्यावर आले आणि त्यांना मी दिसलो.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की त्या कचकचाटात तो फक्त मलाच ऐकू आला. "लावू नका."

ती घसरत खाली बसत होती. आता ही परत त्या पलंगावर जाईल, आणि तिथून कुठे, ते डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. माझी शोभा माझ्याकडे बघत होती, आणि मला ते बघवलं नाही.

मी परत धावलो. पूजाच्या हातून स्पीकर ओढून घेतला आणि बटण दाबलं.

टुक. टुक.

सातभाई उडाले. भिंतीशी बसलेली शोभा ताठ उभी राहिली, साडी झटकली, पदर नीट घेतला आणि गवतावरून चालत आली, भरभर, पूर्ण पाऊल टेकत. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि खुर्चीत बसून मेथीची टोपली पुन्हा मांडीवर घेतली.

पूजानं शोभाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर," तिनं हळूच विचारलं, "काकू तिथे तुम्हाला काय म्हणाल्या?"

शोभानं निवडणं थांबवलं. ती मान न वळवता ऐकत होती.

"लावा म्हणाली," मी सांगितलं.